घरामागे खाणीचा मातीचा बांध: पावसाआधी काय बघायचं, काय मागायचं?

पायथ्याचं_घर | २४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावर राहतो. वाड्याचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मला भांडण लावायचं नाही, समजून घ्यायचं आहे.

घरामागे आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. त्याच्या वर साधारण चारशे मीटरवर खाणीचा टेलिंग पाँड. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडचं बरंचसं लोहखनिज कमी प्रतीचं, ते धुवावं लागतं. धुतल्यावर पिठासारखा बारीक तांबडा गाळ उरतो, तो पाण्यासकट पाइपातून दरीत सोडतात. दरीच्या तोंडाला मातीचा बांध. गाळ खाली बसतो, वरचं पाणी परत प्लँटला जातं. पाँड भरत आला की बांधावर आणखी माती घालून उंची वाढवायची. हा बांध सरकारचा नाही, कंपनीचा खाजगी आहे. माझ्या लहानपणी तो पोफळीएवढा होता, आता त्याच्या दुप्पट तरी असेल.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद. त्या वर्षांत वरचा राखणदार गेला, पंप गेला, बांधावर अकेशियाचं रान माजलं. आता तालुक्यात काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झालंय, आमची अजून बंदच आहे.

काळजीचं कारण असं. बांधाच्या पायथ्याला पूर्वी फक्त पावसात ओल यायची. यंदा भर मे महिन्यात पोफळीच्या तीन ओळींत पाय रुततो. पाण्यावर तेलासारखी रंगीत साय दिसते. परवा वर चढून गेलो तर माथ्यावर बांधाच्या लांबीला धरून एक भेग दिसली. बोट आत जातं, लांबी माझी बारा पावलं. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो नीट बोलला, पण म्हणाला, "सेफ्टी सर्टिफिकेट आहे, काळजी करू नका."

सर्टिफिकेट असेल. पण आई पायथ्याच्या घरात झोपते, आणि पाऊस दोन आठवड्यांवर आलाय. जाणकारांनी सांगा, मी नेमकं काय बघू?

---

मुरूम_आणि_माती | २४ मे, रात्री ११:०५

पाटबंधारे खात्यात मातीच्या धरणांवर एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त, नाशिकला असतो. न बघता निदान करणार नाही, पण काही गोष्टी उद्या सकाळीच करा.

पहिला प्रश्न: पाझरणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ? मातीचा बांध पाझरतोच. स्वच्छ पाझर ही त्याची रोजची तब्येत समजा. पाझराबरोबर माती यायला लागली की मात्र बांध आतून पोखरला जातोय. बारीक कण आधी निघतात, त्यांच्या जागी पोकळी होते, पोकळीत पाणी आणखी जोरानं वाहतं, आणि आत नळीसारखी वाट तयार होते. ती वाट आतल्या पाण्यापर्यंत पोचली की उरलेलं काम काही तासांचं असतं.

नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. काचेची पारदर्शक बाटली घ्या, पाझराच्या तोंडाशी हळूच भरा, तळ ढवळू देऊ नका. चिठ्ठीवर तारीख, वेळ, जागा लिहून चिकटवा आणि रात्रभर खिडकीत न हलवता ठेवा. सकाळी तळाशी काय बसलंय ते बघा. रोज त्याच जागी, त्याच वेळी.

रंगीत सायीला काठी लावून बघा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर ती लोहजीवाणूंची साय. तेल असेल तर पुन्हा एकत्र जुळून येतं. साय स्वतः धोक्याची नाही, पण लोहयुक्त पाणी तिथं सतत येतंय एवढं ती सांगते.

भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका, डोक्यावर खिळा मारा आणि दोन खिळ्यांमधलं अंतर रोज मोजा. उन्हानं पडलेली भेग स्थिर राहते. रुंदावत असेल, किंवा एक काठ दुसऱ्यापेक्षा खाली बसत असेल, तर बांधाची ती कड घसरायला लागलीय. भेग स्वतः बुजवू नका, पुरावा जातो. फक्त प्लास्टिक घाला, पावसाचं पाणी आत जायला नको.

---

पर्थकर | २५ मे, सकाळी ६:२०

मी पश्चिम ऑस्ट्रेलियात लोहखनिजाच्या खाणीवर टेलिंगचंच काम करतो. काकांच्या म्हणण्यात एक भर घालतो, कारण "सर्टिफिकेट आहे" हे वाचून पोटात गोळा आला.

२५ जानेवारी २०१९, ब्राझीलमधलं ब्रुमाजिन्यो. तोही लोहखनिजाच्या गाळाचाच बांध, ८६ मीटर उंच, २०१६ पासून वापरात नसलेला. म्हणजे वरून नवीन गाळ येतच नव्हता. स्थिर असल्याचा सल्लागारांचा दाखला आदल्या सप्टेंबरचा. दुपारी साडेबाराच्या सुमाराला बांध काही सेकंदांत कोसळला. कंपनीचं कार्यालय आणि खानावळ खालच्याच अंगाला, जेवणाची वेळ. भोंगा वाजलाच नाही. २७० माणसं गेली. चौकशी समितीला आधीच्या दिवसांत बांध हलल्याची ठळक खूण सापडली नाही.

असं का होतं? बारीक गाळ पाण्यानं भरलेला असतो तेव्हा कणांना कण टेकून वजन पेललं जातं. काही कारणानं ती मांडणी मोडली की सगळा भार पाण्यावर येतो आणि जे आतापर्यंत घट्ट होतं ते कढीसारखं वाहायला लागतं. म्हणून तुमच्या बांधाबद्दल मला सगळ्यात आधी हे कळायला हवं की उंची कुठल्या बाजूला वाढवली. बाहेरच्या अंगाला माती घालत नेली असेल तर नवा भाग पक्क्या जमिनीवर बसतो. आतल्या अंगाला सरकत वाढवली असेल तर नवा बांध जुन्या गाळावरच उभा आहे. ते स्वस्त पडतं, माती कमी लागते. ब्रुमाजिन्यो तसाच होता, २०१५ मध्ये मारियानाला फुटलेला फुंदाओही तसाच. ब्राझीलनं आता ती पद्धत बंद केलीय.

दुसरं, आतलं पाणी बांधापासून किती लांब आहे? आमच्याकडे गाळ बांधाच्या बाजूनं सोडतात, म्हणजे बांधालगत कोरडा उतार तयार होतो आणि पाणी मागे, डोंगराकडे साठतं. पाणी बांधाला टेकलं की आमच्याकडे त्याच दिवशी वर कळवावं लागतं.

---

सत्तरीचा_ट्रकवाला | २५ मे, सकाळी ८:१५

माझे दोन ट्रक खाणी बंद झाल्यापासून दारात उभे होते. एक विकला. कर्जाचे हप्ते काय असतात ते माझ्या बायकोला विचारा. आता कुठे चार दिवस बरे येतायत तर बांध, सर्टिफिकेट, ब्राझील. तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण असं लिहिलेलं कोणीतरी कोर्टात नेतं, पुन्हा सगळं बंद पडतं, आणि उपाशी आम्ही राहतो. लिहिताना आमचाही विचार करा.

---

पायथ्याचं_घर | २५ मे, सकाळी ८:५०

भाऊ, माझा बाप त्याच वॉशिंग प्लँटवर बावीस वर्षं होता. माझं शिक्षण त्या पगारावर झालं. खाण बंद करा असं मला म्हणायचं नाही. खाण बंद असतानाच तर हा बांध बेवारस झाला. चालू खाणीला निदान पंप असतो, राखणदार असतो. बांध फुटला तर खाण कायमची जाईल आणि तुमचा उरलेला ट्रकही उभा राहील. तुम्ही त्या रस्त्यानं जाता. बांधाकडे नजर ठेवलीत तर मला मदतच होईल.

---

सत्तरीचा_ट्रकवाला | २५ मे, सकाळी ९:३०

पटलं. वरच्या हॉल रोडवरून, म्हणजे खाणीच्या ट्रकांच्या रस्त्यावरून, पाँडचं पाणी दिसतं. उद्या फोटो काढून टाकतो.

---

आल्प्सपायथा | २५ मे, दुपारी २:१०

इटलीत त्रेंतोला शिकतो. इथून जवळच स्तावा म्हणून दरी आहे. १९ जुलै १९८५ ला फ्लोराइट धुण्याच्या खाणीचे दोन बांध, एकावर एक, फुटले. वरचा खालच्यावर कोसळला. जेमतेम १ लाख ८० हजार घनमीटर गाळ, म्हणजे ब्रुमाजिन्योच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. २६८ माणसं गेली. आज तिथं हिरवं कुरण आणि हॉटेलं आहेत, आणि दरीत त्या घटनेचं माहिती केंद्र आहे.

त्या केंद्रात दोन गोष्टी वाचून मी बाहेर बाकावर येऊन बसलो. १९७४ मध्ये तेसेरो गावाच्या पालिकेनं विचारलं होतं की हे बांध सुरक्षित आहेत का. खनिज कार्यालयानं तपासणी कोणाला सांगितली, तर त्याच कंपनीला. तपासणीत उतार फारच तीव्र आहे, स्थिरता काठावर आहे असं निघालं, तरी गावाला उत्तर गेलं की ठीक आहे, आणि पुढे उंची आणखी वाढवली. दुसरी गोष्ट १९८५ ची. जानेवारीत वरच्या बांधाचा काही भाग घसरून पाणी आलं, मे महिन्यात खालच्या पाँडमध्ये खड्डा पडला. दुरुस्ती केली आणि जुलैच्या मध्याला पाणी पुन्हा भरलं. चार दिवसांनी बांध गेले.

म्हणजे गावानं तुमच्यासारखाच प्रश्न विचारला होता. तुम्ही उत्तर घेताना तपासणारा माणूस कोणाचा, हे विचारल्याशिवाय उठू नका.

---

कलम_वाचक | २५ मे, संध्याकाळी ७:४५

नागपूरला वकिली करते. कायद्याचं थोडक्यात.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा तुमच्या कामाचा वाटेल, पण त्याची व्याख्या वाचा: नदी किंवा उपनदीवर, पाणी अडवण्यासाठी किंवा वळवण्यासाठी बांधलेला अडथळा. त्यातही साधारण १५ मीटरच्या वरची धरणं, आणि काही अटींवर १० ते १५ मीटरची. गाळ साठवणारा खाणीचा बांध त्यात ओढून बसवावा लागतो, आणि समोरचा वकील तो बाहेर काढेल. त्यामुळे तिथं वेळ घालवू नका. खाणीतली सुरक्षितता डीजीएमएसकडे, म्हणजे केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. खाण आराखडा आणि बंद करण्याचा आराखडा इंडियन ब्युरो ऑफ माइन्सकडे, ज्याचं मुख्यालय आमच्या नागपुरातच आहे. पाणी बाहेर सोडण्याची परवानगी राज्याच्या प्रदूषण मंडळाकडे. प्रत्येक जण आपापला तुकडा बघतो.

कंपनी खाजगी, म्हणून माहिती अधिकार तिला थेट लागू नाही. पण कंपनीनं सरकारी कार्यालयात जमा केलेला कागद तुम्ही त्या कार्यालयाकडून मागू शकता. "बांधाबद्दल सर्व माहिती द्या" असं लिहू नका, काहीच मिळणार नाही. नेमकं मागा: मंजूर खाण आराखड्यातला टेलिंग पाँडचा नकाशा आणि बांधाचा छेद, शेवटचा स्थिरता अहवाल त्यातल्या आकडेमोडीसह, आणि पिझोमीटरच्या (बांधातली पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्यांच्या) गेल्या पाच वर्षांच्या नोंदी. पर्यावरण मंजुरी असेल तर अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो, आणि २००६ च्या अधिसूचनेनुसार तो लोकांना खुला आहे.

उत्तराला तीस दिवस लागतील. जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांची तरतूद आहे, तसं अर्जात वरच लिहा. आणि मामलेदारांना आजच लेखी द्या, पोच घ्या. आपत्ती व्यवस्थापनाची यंत्रणा त्यांच्याकडून हलते.

---

चिपळूणची_माहेरवाशीण | २५ मे, रात्री १०:३०

तिवरे. २ जुलै २०१९ ची रात्र. ते पाण्याचं धरण होतं आणि सरकारचं होतं, पण मातीचंच. गळतीची तक्रार लोकांनी आधी केली होती. भेंदवाडीची घरं गेली, वीसच्या वर माणसं गेली. नंतर खेकड्यांनी धरण पोखरलं असं सांगितलं गेलं. खेकडे बिळं करतात हे कोकणात कोणाला माहीत नाही? पण बिळं शोधून बुजवणं हे धरण राखणाऱ्याचं काम आहे. तुम्ही तक्रार केल्यावर थांबू नका. तक्रार तिथल्या लोकांनीही केली होती.

---

सत्तरीचा_ट्रकवाला | २६ मे, सकाळी ११:००

फोटो टाकलेत. पाणी बांधाला टेकलेलं आहे. मागे डोंगराच्या बाजूला गाळ वर आलाय, त्यावर गवतसुद्धा उगवलंय. मी हे रोज बघत होतो, पण याचा अर्थ काय ते माहीत नव्हतं.

---

पर्थकर | २६ मे, दुपारी १२:१५

हे उलटं झालंय. गाळ मागून सोडत गेले आणि पाणी पुढे सरकलं. आता पाऊस यायच्या आत पाणी खाली नेणं, बाकी सगळं त्यानंतर.

हिशेब सांगतो. पाँडकडे २० हेक्टरचं पाणी वाहून येतं असं धरू, नकाशा बघून दुरुस्त करा. एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस गोव्याला नवा नाही. त्याचे होतात ४० हजार घनमीटर. दहा हजार लिटरचे चार हजार टँकर, एका दिवसात. ते जायला सांडवा आहे का? नसेल तर पाणी माथ्यावरून जाईल, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो कापला जातो. १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मेरीसप्रुइटला एका संध्याकाळच्या वादळी पावसात असंच झालं, १७ माणसं गेली.

---

मुरूम_आणि_माती | २६ मे, दुपारी १:००

सहमत. पण पाणी एका दिवसात उपसू नका. पाण्याचा आधार झटकन गेला की बांधातली ओली माती पाँडच्या बाजूला घसरते. रोज थोडं, खुंट्या मोजत. अकेशियाही घाईनं तोडू नका. खोड गेलं तरी मुळं आत कुजतात आणि पाण्याला तयार वाट मिळते. आधी खालचं रान साफ करा म्हणजे ओल, बिळं, खचलेली जागा दिसेल.

---

पायथ्याचं_घर | ३ जून, रात्री ८:२०

उशिरा लिहितोय, आठवडा धावपळीत गेला.

मामलेदारांना लेखी दिलं, पोच घेतली. रविवारी ग्रामसभेत बाटल्या नेल्या. नऊ बाटल्या टेबलावर ओळीनं मांडल्या, प्रत्येकीवर तारीख. आठ स्वच्छ, शेवटचीच्या तळाशी केसाएवढा तांबडा थर. मी पाच मिनिटं बोललो असेन, पण लोक उठून येऊन बाटल्याच हातात घेऊन बघत होते. एक आजी म्हणाली, आमच्या विहिरीलाही यंदा असाच रंग आहे. हे आम्हाला माहीतच नव्हतं. ठराव एकमतानं झाला. ट्रकवाले भाऊ साखळीहून मुद्दाम आले आणि बोलले, त्यांचे आभार.

मंगळवारी कंपनीचा इंजिनिअर आला, आम्हा पाच जणांना बांधावर घेऊन गेला. माणूस सरळ होता. बांधात सहा पिझोमीटर आहेत, म्हणजे आत सोडलेल्या नळ्या, त्यात आतली पाण्याची पातळी कळते. टेप सोडला तर दोन नळ्या मातीनं बुजलेल्या, एकीचं झाकणच नाही. उरलेल्या तिघींत मधल्या नळीत पाणी माथ्यापासून चार मीटरवर लागलं. शेवटची नोंद २०१७ ची, त्यात तीच पातळी नऊ मीटर होती. इंजिनिअरनं तो आकडा दोनदा वाचला आणि टेप पुन्हा सोडला. पुन्हा चारच. सर्टिफिकेट कशावर दिलं असं मी विचारलं. तो म्हणाला, "जुन्या नोंदींवर."

काकांनी सांगितलेली खुंटी: पहिल्या दिवशी ३१.२ सेंटिमीटर, आज ३१.४.

---

मुरूम_आणि_माती | ३ जून, रात्री ८:५५

पाच मीटरनं पाणी वर आलंय. बांधाच्या पोटात एवढं पाणी आणि तळाला माती असलेली बाटली, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी माझ्या धरणावर रात्रपाळी लावली असती. दोन मिलिमीटर मोजण्याच्या चुकीचेही असू शकतात, आणखी तीन दिवस बघा. पायथ्याच्या ओल्या जागेवर उलटा गाळणीथर हवा: आधी जाडी वाळू, वर बारीक खडी, वर मोठा दगड. पाणी बाहेर येऊ द्यायचं, माती अडवायची. चिकणमाती टाकून पाझर बंद करू देऊ नका कोणाला. पाणी आत कोंडेल आणि पातळी आणखी चढेल. पाझर कारणाशिवाय अचानक कमी झाला तरी लगेच कळवा.

आणि आईला तिथं झोपू देऊ नका.

---

आल्प्सपायथा | ३ जून, रात्री ९:३०

स्तावाचा गाळ ताशी ९० किलोमीटरपर्यंत गेला होता. चारशे मीटरला सोळा सेकंद. तुमचा बांध लहान, वेग चौथा हिस्सा धरा, तरी एक मिनिट. भोंग्यावर अवलंबून राहू नका. निघावंच लागलं तर व्हाळाच्या दिशेनं खाली नाही, बाजूच्या चढावर.

---

पायथ्याचं_घर | ११ जून, सकाळी ७:३०

पाऊस लागला. रात्रीपासून ८५ मिलिमीटर, अंगणातल्या मापकावर.

कंपनीनं ५ तारखेपासून दोन पंप लावलेत, पाणी बांधापासून अंदाजे तीस मीटर मागे गेलंय. गाळणीथर काल पूर्ण झाला, दगड ट्रकवाल्या भावांनी ओढले. बाहेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडून तपासणी करून घ्यायला कंपनी तयार झालीय, कोण ते ठरवताना पंचायतीचा एक माणूस असेल. तो कागद अजून हातात आलेला नाही. बुजलेल्या नळ्या तशाच आहेत. माहिती अधिकाराचं उत्तर आलं, नकाशा मिळाला: शेवटची वाढ आतल्या अंगाला, गाळावर. पर्थकर, तुमचा अंदाज बरोबर होता. नकाशा खाली जोडतोय.

आई मामाकडे वरच्या वाड्यावर आहे. गाई काल हलवल्या. रात्री दोघं दोघं मिळून पाळी करतोय, टॉर्च आणि शिट्टी घेऊन.

मधली नळी: ५.१ मीटर. खुंटी: ३१.४. बाटली क्रमांक १९: स्वच्छ.

संध्याकाळची बाटली भरून आकडे इथंच टाकतो.